विश्वामित्रीच्या काठची मगर

फाल्गुन लागला की बडोद्याच्या पहाटेतला गारवा ओसरू लागतो. कमाटीबागेत फिरायला येणाऱ्या वृद्धांच्या कानटोप्या नाहीशा होतात, पळसाला रंग चढतो, आणि सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास काळ्या घोड्याजवळच्या पुलावर दोन-चार माणसे कठड्यावरून खाली वाकलेली दिसू लागतात. नवख्याला वाटावे, कोणाची वस्तू पाण्यात पडली असावी. खाली नदीच्या मातकट उतारावर चिखलाच्या रंगाचा एक ओंडका पडलेला असतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग त्या ओंडक्याला जबडा फुटतो. तो जबडा सावकाश उघडतो आणि उघडाच राहतो. पुलावरून रिक्षा धावत असतात, शाळेची मुले सायकलींवरून जात असतात, आणि पंचवीस-तीस फूट खाली एक पूर्ण वाढलेली रानटी मगर ऊन खात पडलेली असते.

वसंतात कॅमेरा गळ्यात अडकवून सरपटणारे प्राणी व बेडूक शोधायला निघणारा हौशी माणूस सामान्यतः डांगच्या जंगलाची वाट धरतो, किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या घाटाची. चार दिवस पायपीट करून एखादा साप, दोन सरडे आणि पायांना पुष्कळसे काटे एवढी कमाई घेऊन तो परततो. बडोदेकराला मात्र हे सुख रिक्षाच्या भाड्यात मिळते. लाखो लोकवस्तीच्या शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी मोकळ्या राहतात, असे उदाहरण हिंदुस्थानात दुसरे नाही म्हटले तरी चालेल. सांगलीकडच्या कृष्णेत मगरी आहेत, महाडच्या सावित्रीत आहेत. पण तेथे त्या गावाच्या कडेने असतात. विश्वामित्रीची मगर ऐन शहरात असते.

ही नदी पावागडाच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि त्या नदीतून खंभातच्या आखाताकडे जाते. विश्वामित्र ऋषींनी पावागडावर तप केले, म्हणून नदीला हे नाव पडले, असे परंपरा सांगते. त्या नावावरून एक गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्राचा आणि नद्यांचा संवाद आहे. गाड्या घेऊन ऋषी काठाशी येतो आणि भरून चाललेल्या नद्यांना, जरा खाली उतरा, आम्हांला पलीकडे जाऊ द्या, अशी विनवणी करतो. नद्या त्याचे ऐकतात. ती नदी पंजाबातली, ही गुजरातची. तरीही विश्वामित्रीच्या पुराने घरादारात पाणी पाहिलेल्या बडोदेकराला ते सूक्त वाचताना थोडे हसू आणि थोडा हेवा वाटल्यावाचून राहणार नाही.

वसंताचीच वेळ का, हे समजण्यास या जीवांचे शरीर थोडे समजून घ्यावे लागते. मनुष्याच्या अंगाची ऊब अन्नातून निर्माण होते. साप, सरडा, कासव, मगर यांना ती बाहेरून, मुख्यत्वे सूर्याकडून, उसनी घ्यावी लागते. पौषात पाणी गार असते, म्हणून मगरी दिवसाचा बराच भाग उन्हात काढतात. वैशाखात ऊन पोळते, तेव्हा त्या पाण्यात किंवा काठात खणलेल्या लांब बिळांत दडून राहतात. या दोहोंच्या मधले माघ-फाल्गुनाचे दिवस पाहणाऱ्याच्या सोयीचे. सकाळी ऊन खाण्यासाठी प्राणी हटकून बाहेर येतो, प्रकाश तिरपा व मऊ असतो, नदीचे पाणी उतरलेले असते आणि काठावरची झुडपे विरळ झालेली असतात. आता त्या उघड्या जबड्याविषयी. तो धमकीसाठी नसतो आणि आळसाची जांभईही नसते. अंग तापत आले की तोंडातल्या ओलसर त्वचेवाटे ती उष्णता बाहेर टाकली जाते. ऊन घ्यायचे पण डोके तापू द्यायचे नाही, असा तो हिशेब असतो.

बेडकांसाठी आलेल्याची मात्र या दिवसांत निराशाच होते. आपला मोठा सोनबेडूक, जो पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळा होऊन डबक्यात ओरडतो, तो फाल्गुनात जमिनीच्या पोटात निजलेला असतो. अंगातला ओलावा राखीत तो मृगाची वाट पाहतो. पाण्याच्या अगदी कडेला, पाऊल वाजताच पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारीत जाणारे छोटे बेडूक तेवढे दिसतात. आणि संध्याकाळी बागेतल्या दिव्याखाली किडे टिपणारा खडबडीत पाठीचा भेक भेटतो. वर्षभर मौन पाळून पावसात एकदम घुमू लागणाऱ्या बेडकांवर ऋग्वेदात एक सबंध सूक्त आहे. ते सातव्या मंडलात आहे, म्हणजे वसिष्ठाच्या वाट्याचे. विश्वामित्राकडे नद्या आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे बेडूक, अशी ही वाटणी आहे.

सरड्यांचा मात्र हाच काळ. बागेच्या कुंपणावरचा साधा सरडा एरवी धुळीसारखा दिसतो; ऊन वाढू लागले की नराचे डोके व गळा शेंदरी-लाल होतो, तो पुढच्या पायांवर उठून शरीर वरखाली हलवितो आणि दुसऱ्या नराला आपल्या हद्दीबाहेर राहण्याचा इशारा देतो. होळीच्या दिवसांत रंगलेला हा एकमेव प्राणी ज्याला दुसऱ्या कोणी रंग लावलेला नसतो. मुले उगाचच त्याला दगड मारतात. नदीकाठच्या ओसाड माळावर नशीब असेल तर वितीएवढ्या, लांब शेपटीच्या एका सरड्याचा नर दगडावर उभा राहून गळ्याची पिशवी पंख्यासारखी उघडमीट करताना दिसतो. तो पंखा क्षणात उघडतो आणि मिटतो. कॅमेऱ्याची कळ दाबणाऱ्याचा हात नेहमी किंचित उशिरा पडतो. पाण्यातल्या खडकावर मऊ पाठीची कासवे एकापुढे एक बसलेली असतात. दिवड पाण्यातून डोके वर काढून जाते. धामण काठावरच्या उंदरांच्या मागे फिरते. कधी घोरपड दिसते, जिच्या चिकाटीवरून मराठ्यांच्या एका नामवंत घराण्याला आडनाव मिळाले. या घोरपडीला नदीकाठी काय काम असते, ते पुढे येईल.

मगरीचा वसंत म्हणजे घरट्याचा काळ. हिवाळ्याच्या अखेरीस नर-मादींचे मीलन होते. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत मादी पाण्यापासून थोडी दूर, पुराच्या रेषेच्या वर, उतारावरची भुसभुशीत माती निवडते. मागच्या पायांनी ती सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात सुमारे पंचवीस-तीस अंडी घालते, माती लोटून तो बुजवते आणि पोटाने वरची जागा दाबून सारखी करते. हे काम बहुधा रात्री होते. सकाळी तेथे पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच: थोडी उकरलेली माती आणि ओढत नेलेल्या शेपटीची रेघ. दोन महिने, कधी सव्वादोन महिने, ही अंडी मातीच्या उबेवर वाढतात. मादी स्वतः त्यांच्यावर बसत नाही. जवळच्या पाण्यात किंवा बिळात राहून पहारा देते. पोटात काही नसतानाही ती या दिवसांत शिकारीला फारशी लांब जात नाही.

या अंड्यांत नर वाढणार की मादी, हे ठरविण्याचे काम निसर्गाने मातीच्या उष्णतेकडे सोपविले आहे. मद्रासजवळच्या मगर-संवर्धन केंद्रात झालेल्या अभ्यासातून असे दिसून आले की सुमारे 31 अंश सेल्सियसपर्यंत माद्याच निपजतात, साडेबत्तीसच्या आसपास नर अधिक होतात. म्हणजे उतार कोणत्या दिशेचा, त्यावर सावली किती, माती ओली की कोरडी, यांवर पुढच्या पिढीचे गणित बसते. बडोद्याहून उत्तरेला बालासिनोरजवळ रैयोली गावी 1980 नंतरच्या दशकात भूशास्त्रज्ञांना डायनोसॉरांची अंडी दगडात सापडली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तीही अशीच मातीत घातली गेली होती. त्या प्राण्यांचे दगड झाले. त्यांच्याच काळात नद्यांमध्ये वावरणाऱ्या मगरींच्या वंशातले जीव मात्र आजही त्याच रीतीने खड्डा खणतात आणि त्याच रीतीने मातीवर विश्वास टाकतात.

घोरपडीचे काम ते हेच. तिला मगरीची अंडी फार आवडतात. मुंगूस, रानडुक्कर, कोल्हा आणि शहरातले भटके कुत्रे हेही त्याच मेजवानीचे मानकरी. मादी जवळ असेपर्यंत यांची छाती होत नाही. ती बिथरून पाण्यात उतरली आणि तेथेच थांबून राहिली, की संधी मिळते. येथे छायाचित्रकाराचा संबंध येतो. पुलावरून, दूरच्या काठावरून, लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपलेले चित्र मगरीला कळतही नाही. पण हौस वाढते, आणखी जवळचे चित्र हवेसे वाटते, काठाच्या पायवाटेने खाली उतरण्याचा मोह होतो. त्या मोहात दोन धोके असतात. घरट्यावरची मादी धावून येते, हा पहिला. आणि ती धावून न येता पाण्यात निघून जाते, हा दुसरा. पहिल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून येते. दुसऱ्याची कोठेच येत नाही, फक्त दुपारी त्या जागी फोडलेल्या अंड्यांची कवचे पडलेली असतात.

म्हणून या कामात मुरलेली माणसे काही पथ्ये पाळतात. एप्रिलपर्यंत उताराला पाय लावीत नाहीत. घरट्याची जागा कोणाला सांगत नाहीत. रात्री झगझगीत प्रकाश फेकीत नाहीत. आणि मगर हलावी म्हणून खडा टाकणाऱ्याचा हात धरतात. पुलावर खडा टाकणारा रोज एक तरी असतोच. ज्याच्या हाती कॅमेरा नसतो तो बहुधा हातात खडा घेतो.

मगरीचे चातुर्य किती, याविषयी एक चमत्कारिक नोंद सांगण्यासारखी आहे. 2013 मध्ये व्लादिमीर दिनेत्स या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी असे प्रसिद्ध केले की मद्रासच्या केंद्रातल्या काही मगरी, बगळ्यांच्या घरटे बांधण्याच्या दिवसांत, नाकाडावर काटक्या तोलून पाण्यात निश्चल पडून राहतात. काटकी उचलायला आलेला बगळा हाती लागतो. पुढे इतर अभ्यासकांनी या निष्कर्षाविषयी शंकाही घेतल्या, तेव्हा वाद संपलेला नाही. पण पंचतंत्रातल्या माकडाकडून फसलेली भोळी मगर ऐकत वाढलेल्या माणसाला ही बातमी वाचून त्या गोष्टीचा दुसरा भाग हाती लागल्यासारखे वाटेल. आपल्या वाङ्मयाने मगरीला फारसा न्याय दिलेला नाही. गजेंद्राचा पाय धरणारा नक्र, खोटे रडणाऱ्याचे नक्राश्रू, असेच तिचे उल्लेख. गुजरातने मात्र तिला देवीचे वाहन केले. नर्मदामाता मगरीवर बसते आणि खोडियार मातेचे वाहनही मगरच. बडोद्याहून फारशा दूर नसलेल्या चरोतरात मलातज गावी खोडियार मातेचे देऊळ आहे आणि गावच्या तळ्यात मगरी आहेत. त्याच तळ्याच्या काठी बायका धुणे धुतात व गुरे पाणी पितात. वल्लभ विद्यानगरच्या व्हॉलंटरी नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेचे कार्यकर्ते तेथल्या गावागावांत हिवाळ्याच्या अखेरीस मगरींची मोजदाद करतात, आणि गावकरी त्यांना कोणती मगर कोठे बसते ते घरच्या गाईविषयी सांगावे तसे सांगतात.

देवीचे वाहन असूनही मगर मरता मरता वाचली, हेही खरे. चामड्यासाठी तिची अतोनात शिकार झाली. पर्स, पट्टे आणि पादत्राणे यांच्या व्यापाराने साठाव्या-सत्तराव्या वर्षापर्यंत देशातल्या नद्या जवळजवळ रित्या केल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वांत कडक संरक्षण दिले. 1975 मध्ये केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने मगर-संवर्धनाची योजना हाती घेतली, आणि 1976 मध्ये रोम्युलस व झाई व्हिटेकर यांनी मद्रासजवळ मगर-केंद्र उभारले. हाफकिन संस्थेतले डॉ. पु. ज. देवरस हिंदुस्थानातल्या सापांवर लिहून लोकांच्या मनातली भीती कमी करण्याचा यत्न करीत होते तेही याच काळाच्या आगेमागे. 1965 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. सापाच्या बाजूने बोलणारी माणसे मिळाली, पण मगरीच्या बाजूने बोलणे अधिक अवघड होते, कारण मगर खरोखरीच माणसाला ओढून नेते.

बडोद्याचे प्राणिशास्त्रज्ञ डॉ. राजू व्यास यांनी सयाजीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात काम करीत असताना आणि त्यानंतरही विश्वामित्रीच्या मगरींचा दीर्घकाळ अभ्यास केला. मगरी कोठे राहतात, काय खातात, आणि माणसांवर कोठे, कोणत्या प्रसंगी हल्ला करतात, या सर्वांच्या त्यांनी नोंदी केल्या. शहराचे सांडपाणी नदीत येते, त्याबरोबर मासे वाढतात, काठावर मेलेली जनावरे टाकली जातात; मगरीला अन्नाची ददात नाही. परंतु काठावर राहणारी गरीब माणसे जेव्हा त्याच पाण्यात उतरतात, शौचाला जातात, गुरे धुतात, तेव्हा कधी तरी अनर्थ होतो. बंगल्याच्या गच्चीवरून दुर्बिणीने मगर पाहणाऱ्याने ही बाब विसरू नये. नदीकाठच्या झोपडीतली आई मुलाला पाण्याशी जाऊ देत नाही, तिच्या भीतीला अंधश्रद्धा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मगरींची संख्या ठरविण्यासाठी छायाचित्राचा उपयोग आता फार वाढला आहे. दिवसा दुर्बिणीने व कॅमेऱ्याने, आणि रात्री विजेरीच्या झोतात, अशी दोन प्रकारे मोजणी होते. रात्री मगरीच्या डोळ्यांत प्रकाश पडला की ते निखाऱ्यासारखे लाल चमकतात. पाण्यावर तरंगणाऱ्या निखाऱ्यांच्या जोड्या मोजीत जायचे. डोक्याची लांबी अंगाच्या एकूण लांबीच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी असते, त्यावरून चित्रातल्या प्राण्याचे आकारमान काढता येते. पाठीवरच्या खवल्यांची मांडणी प्रत्येक मगरीची निराळी असते. अहमदाबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी वरून उडणाऱ्या ड्रोनने मगरींची चित्रे घेऊन, त्या खवल्यांवरून संगणकाला एकेक मगर ओळखायला शिकविले. 2022 मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. हौशी माणसाने पुलावरून काढलेले चित्रही, त्यावर तारीख व जागा लिहिली असेल तर, उद्या पुरावा ठरू शकते.

असा पुरावा लागण्याची वेळ आलीच. 2024 च्या ऑगस्टच्या अखेरीस बडोद्यात अतिवृष्टी झाली. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फुटांच्या आसपास धरली जाते. पाणी 35 फुटांच्याही वर चढले. शहराचा मोठा भाग जलमय झाला आणि नदीबरोबर नदीतली वस्तीही घरांच्या दारांशी आली. 27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने व स्वयंसेवकांनी निवासी भागांतून 24 मगरी पकडल्या. सर्वांत लहान दोन फुटांची होती, सर्वांत मोठी 14 फुटांची. नाग, इतर साप, मोठी कासवे आणि एक साळिंदरही त्यांच्या हाती लागले. मगर पकडणाऱ्यांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. ओले पोते डोळ्यांवर टाकले की ती पुष्कळशी शांत होते. जबडा मिटण्याचे तिचे स्नायू अफाट ताकदीचे, पण उघडण्याचे इतके दुबळे की जाड दोऱ्याचे चार वेढे पुरतात.

पूर ओसरल्यावर दोन मागण्या एकाच वेळी पुढे आल्या. नदी खोल व रुंद करा, ही एक. मगरी कोठे तरी दूर नेऊन सोडा, ही दुसरी. दुसरीचे उत्तर सोपे नाही. मगरीला आपला ठाव सोडवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तेथल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या, तेव्हा त्या आपापल्या नदीत परतल्या. त्यांतल्या एकीने तर चारशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास केला. ते निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. गुजरातमध्येही 2019 च्या आरंभी केवडियाजवळच्या पंचमुळी तलावातून, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी, मगरी हलविण्यात आल्या. तलावातून मगर काढता येते, वाहत्या नदीतून काढलेल्या मगरीची जागा वरच्या अंगाची दुसरी घेते. शिवाय ज्या नदीत त्या सोडाव्यात, तेथेही काठावर माणसे राहतातच.

पहिली मागणी मात्र रास्त होती. ज्यांच्या घरात छातीएवढे पाणी शिरले, त्यांना नदी जशी आहे तशी असू द्या, असे कोण सांगू शकेल? प्रश्न फक्त वेळेचा आणि रीतीचा होता. काम पावसाळ्यापूर्वी संपवायचे, म्हणजे वसंतात व उन्हाळ्यात करायचे. यंत्रांना काठ कोरडा हवा. मगरीलाही काठ कोरडाच हवा, आणि नेमका त्याच महिन्यांत. म्हणून काम सुरू होण्याआधी 2025 च्या फेब्रुवारीत नदीच्या शहरातल्या सुमारे 25 किलोमीटरच्या पट्ट्यात रीतसर मोजणी झाली. 2020 मध्ये जो अंदाज 275 मगरींचा होता, तो आता 442 वर गेला. मार्चमध्ये माती खोदणारी यंत्रे काठावर उतरली. घरट्यांचा हंगाम असल्याची जाणीव तज्ज्ञांनी व निसर्गप्रेमींनी करून दिली आणि काळजीही व्यक्त केली. त्याआधी 2021 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नदीच्या पुनरुज्जीवनाविषयी आदेश दिले होते, त्यांचेही स्मरण करून दिले गेले.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दगड-सिमेंटची सरळ भिंत बांधलेला काठ पाहायला स्वच्छ असतो, पण त्यात मगरीला खड्डा खणता येत नाही, कासवाला वर चढता येत नाही, खंड्या पक्ष्याला बीळ करता येत नाही. मातीचा वाकडातिकडा, झुडपांचा, कोठे खचलेला, कोठे फुगलेला काठ आपल्या डोळ्याला ओंगळ वाटतो. नदीतल्या जिवाला तेच घर आहे. आणि पुराचे पाणी पसरायला, मुरायला जागा लागते तीही अशाच काठांवर व त्यांच्या मागच्या सखल जमिनीवर. त्या सखल जमिनीवर भराव टाकून इमारती कोणी उभारल्या, हा प्रश्न मगरींना विचारण्यात अर्थ नाही. पुरात दाराशी आलेल्या प्राण्याचे चित्र देशभर छापले गेले; तिची अंडी ज्या उतारावर होती, त्या उताराचे चित्र फारसे कोणी छापले नाही. त्यात पाहण्यासारखे काही नसते. उकरलेली माती आणि एक रेघ.

तरी असे चित्र काढणारी काही माणसे बडोद्यात आहेत. वडसरच्या बाजूला, मुंजमहुड्याच्या वळणावर, समाच्या अंगाला, दर फाल्गुनात ती त्याच त्या जागा दूर अंतरावरून टिपून ठेवतात, तारखा लिहितात, आणि गरज पडेल तेव्हा वनखात्याला दाखवितात. शेंदरी डोक्याच्या सरड्याला आणि आ वासलेल्या मगरीला जशी वाहवा मिळते तशी या चित्रांना मिळत नाही.

जूनमध्ये पहिला वळीव पडून गेला की मातीखालून आवाज येऊ लागतो. कवचातली पिल्ले बाहेर पडण्याआधीच चिरक्या स्वरात हाका मारतात. तो आवाज ऐकून मादी घरटे उकरते, न फुटलेली अंडी जिभेवर अलगद घोळवून फोडते आणि ज्या जबड्याच्या भीतीने सारे शहर बिचकते, त्याच जबड्यात वीतभर पिल्ले भरून पाण्याशी नेते. त्या वेळी आकाश ढगाळ असते, प्रकाश पुरत नाही, झुडपे वाढलेली असतात. चांगले चित्र सहसा मिळत नाही. काही दिवसांनी पुलावरून पाहणाऱ्याला आईच्या डोक्यावर व पाठीवर बसलेले, पिवळट, काळ्या पट्ट्यांचे दहा-बारा जीव दिसतात. मग पूर येतो. बगळे, मोठे मासे, घोरपडी आणि इतर मगरी आपापला वाटा उचलतात. पुढच्या फाल्गुनात त्यांतली एखाद-दुसरी उरते, आणि दोन फुटांची होऊन त्याच उतारावर, आईपासून थोडी दूर, जबडा उघडून बसलेली सापडते.